माटोळीतल्या दोन वेली: एका 'रानद्राक्षा'ची उकल

काय घडलं

2018 साली चतुर्थी 13 सप्टेंबरला होती. आदल्या दिवशी, म्हणजे माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानातल्या फळाफुलांची चौकट) बांधायच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला शेजारच्या घरातून हाक आली, "टीचर, जरा येता? पोरीच्या तोंडात आग होतेय." गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर मला सगळे 'झाडांची टीचर' म्हणून ओळखतात. मी उच्च माध्यमिक विद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि झाडाझुडपाचं काहीही झालं की हाक मलाच येते.

सात वर्षांची मुलगी सोप्यावर जीभ बाहेर काढून बसली होती. ओठ थोडे सुजलेले, डोळ्यांत पाणी, लाळ थांबत नव्हती. समोर अर्धी बांधलेली माटोळी. सुपारीचं शिपटं, आंबाडे, चिबूड, तोरंजन, लालभडक कवंडाळं लागली होती, बाकीचा रानमेवा सुपात पडून होता. त्या सुपातल्या 'रानद्राक्षां'तली दोन तिने तोंडात टाकली होती. एक चावून थुंकलं, दुसऱ्याचा थोडा रस गिळला.

श्वास नीट चालू होता, आवाजही बसला नव्हता. तरी मी थांबू दिलं नाही. घशाला सूज चढायला फार वेळ लागत नाही आणि अशा वेळी घरगुती उपायांवर बसून राहणं मला पटत नाही. बापाने स्कूटर काढली, आम्ही तिघं आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी घसा पाहिला, औषध दिलं, दोन तास बसवून ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लंय ते आणलंय का?" आम्ही हात हलवत गेलो होतो. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पुढचे आठ दिवस लागले. ही त्याचीच हकिगत आहे.

संध्याकाळपर्यंत मुलगी बरी झाली, पेजही जेवली. पण तेवढ्यात तिच्या काकाने कोयता घेऊन बांधावरची वेल बुंध्यापासून तोडून टाकली होती. "विषारी होती, संपवली," तो म्हणाला. आजी दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अरे, ती गोलिंद्याची. ती कशाला तोडलीस?"

आजीच्या त्या वाक्यामुळे मला शंका आली की घरात 'रानद्राक्ष' या एका शब्दाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी फिरत आहेत.

संशय कुणाकुणावर

वाड्यावर त्या रात्री तीन नावं घेतली गेली.

पहिलं खाजकुयलीचं. खाज म्हटलं की आमच्याकडे आधी तिचंच नाव निघतं, आणि सुपात तीन-तीन पर्णिकांचं एक पान कुणाला तरी दिसलं होतं. खाजकुयलीचं पानही त्रिदलच असतं. पण ती खाजवते शेंगेवरच्या सोनेरी केसांनी, आणि त्या शेंगा वाळून तसल्या व्हायला पाऊस संपावा लागतो. शिवाय तिला तणावे, म्हणजे आधाराला वेढा घालणारे दोऱ्यासारखे अवयव, नसतात, ती सगळं अंगच आधाराभोवती पिळत चढते. सुपातल्या पानाजवळच्या कांडीला मात्र तणावा होता. खाजकुयली बाद.

दुसरं कळलावीचं. ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तिच्यात कोल्चिसिन असतं, ते जीवघेणं आहे, आणि तिची लाल-पिवळी फुलं त्याच सुपात होती. पण कळलावीचा तणावा म्हणजे तिच्या पानाचं शेंडीसारखं वळलेलं टोक. मुलीने फूल, पान, कंद कशालाही तोंड लावलं नव्हतं, हे तिने आणि तिच्या भावाने वेगवेगळं विचारल्यावरही सांगितलं. शिवाय कोल्चिसिनचा त्रास तासांनी सुरू होतो, तो पोटातून. इथे चावल्या क्षणी तोंड पेटलं होतं.

तिसरं नाव गुळवेलीचं. तोडलेल्या वेलीची पानं हृदयाच्या आकाराची होती, म्हणून. गुळवेलीलाही तणावे नसतात. एवढ्यावर ते मिटलं.

तिन्ही वेळा उत्तर तणाव्याने दिलं, हे लक्षात घ्या. वेल ओळखताना लोक आधी पान बघतात. मी आधी वेल वर कशी चढली ते बघते आणि तणावा असेल तर तो नेमका कुठून निघाला ते बघते. दोडका, कारलं, कवंडाळ यांचा तणावा पानाच्या देठाच्या बाजूला, थोडा कडेला निघतो. कृष्णकमळाचा पानाच्या बगलेतून. वाटाण्याचा पानाच्या टोकाला. द्राक्षकुळाचा मात्र बरोबर पानासमोर, पेराच्या पलीकडच्या अंगाला. पेराला हात लावून डोळे मिटले तरी ते कळतं: एका बाजूला देठ, समोरच्या बाजूला तणावा. कडधान्यांत, भोपळ्यांत, कृष्णकमळात ही जागा तुम्हाला सापडणार नाही.

सुपातली कांडी हातात घेतली. देठ इकडे, तणावा तिकडे. द्राक्षकुळ नक्की. पण या कुळातल्या वेली आमच्या सह्याद्रीच्या उतारावर एक-दोन नाहीत. हाडं जुळवायला बांधतात ती चौधारी कांडवेल याच कुळातली. पावसाच्या सुरुवातीला ज्याची भाजी करतात तो दिंडाही याच कुळात धरतात, जरी तो वेल नाही आणि त्याला तणावेही नाहीत.

पेरापाशी

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. पूजा झाल्यावर मी शेजारी गेले आणि माटोळीखाली पाटावर उभी राहून ते घोस पाहिले. घरच्यांनी ते उतरवले नव्हते. एकदा बांधलेलं विसर्जनाआधी काढायचं नाही, हे मला मान्य होतं. खालून जेवढं दिसतं तेवढंच पाहायचं ठरवलं.

केवणीच्या सालीच्या एकाच दोराला दोन घोस एकत्र बांधले होते. दुरून दोन्ही सारखे: गोल फळं, काही हिरवी, काही जांभळट, बाजारातल्या द्राक्षापेक्षा पुष्कळ लहान. पानं दोन्हींची काढून टाकलेली. म्हणजे ज्यावरून लोक वेल ओळखतात तेच नव्हतं. पण दांडे होते.

पहिल्या घोसाचा दांडा लांब आणि घोस दाटीचा. आणि त्या दांड्यावरच, फळांच्या थोडं खाली, एक तणावा फुटला होता. तो नुसता लोंबत नव्हता. कुठलीतरी काटकी पकडून घट्ट गुंडाळला गेला होता आणि तोडताना त्या काटकीचा वीतभर तुकडाही बरोबर आला होता. स्प्रिंगसारख्या त्या तणाव्याचे वेढे मी बोटाने मोजले. मधोमध एक जागा होती जिथे वेढ्यांची दिशा उलटत होती: अलीकडचे एका बाजूने फिरलेले, पलीकडचे विरुद्ध बाजूने. तणाव्याची दोन्ही टोकं अडकलेली असताना तो आखडू लागला की असं व्हावंच लागतं, नाहीतर तो स्वतःच पिळवटून तुटेल. डार्विनने वेलींवर लिहिताना हे बारकाईने नोंदवलं होतं. मी ते वर्गात दरवर्षी खडूने फळ्यावर काढते. पण गणपतीच्या डोक्यावर, धुपाच्या वासात, ते इतकं स्वच्छ पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या घोसाच्या दांड्यावर तणावा नव्हता. मध्यावर एक सांधा तेवढा होता, बोटाच्या पेरासारखा. घोस पसरट, छत्रीसारखा, प्रत्येक फांदी दोनात फुटत गेलेली. फळं थोडी मोठी, सेंटीमीटरभर, वरून किंचित दबलेली. आणि या घोसात दोन फळांचे देठ रिकामे होते. पहिल्या घोसात सगळी फळं जागच्या जागी होती.

म्हणजे मुलीने खाल्लं ते दुसऱ्या घोसातलं.

मग बांधावर गेले. आगराच्या कडेला जांभ्या दगडाचा जुना गडगा आहे, त्यावर दोन्ही वेली एकमेकींत गुंतून चढल्या होत्या. तोडलेली वेल एव्हाना मलूल झाली होती. तिची पानं साधी, तळहाताहून मोठी, जवळपास गोल, देठाशी खोल हृदयाकार, कडेला बारीक केसाळ दाते, कुठे तीन तर कुठे पाच कोन निघालेले. प्रत्येक घोसाच्या दांड्याला तोच तणावा. उशिरा आलेल्या काही कळ्या उरल्या होत्या. त्या उघडून भिंगाखाली धरल्या: तांबूस तपकिरी, पाच पाकळ्या, पाच पुंकेसर. ही गोलिंदा, शास्त्रीय नाव अँपेलोसिसस लॅटिफोलिया. आजी बरोबर होती.

आणि तिच्या शेजारी, कोयत्याच्या वारातून पूर्ण वाचलेली, हिरवीगार उभी होती दुसरी. पान तीन पर्णिकांचं, मधली मोठी, कडेला ठळक दाते, खोड कोवळेपणी मांसल. तणावे पानासमोरच, फांद्या फुटलेले. पण फुलोरा पानासमोर नव्हता, पानाच्या बगलेतून लांब दांड्यावर आलेला. फुलं पांढरट हिरवी, मोहरीएवढी, आणि पाकळ्या चार. ही आंबटवेल, कॉसोनिस ट्रायफोलिया. जुन्या पुस्तकांतून ती कायरेशिया ट्रायफोलिया या नावाने भेटते.

काकाने चुकीची वेल तोडली होती.

त्याला ते सांगणं मला जड गेलं. तो म्हणाला, "टीचर, दोन्हींना आम्ही रानद्राक्षंच म्हणतो." त्याचं चुकलं नव्हतं, आणि हे मी त्याला तिथेच सांगितलं. लिनियसने 1753 मध्ये आंबटवेलीला नाव दिलं ते विटिस ट्रायफोलिया, म्हणजे 'तीन पानांचं द्राक्ष'. रॉक्सबर्गने गोलिंद्याला विटिस लॅटिफोलिया म्हटलं, 'रुंद पानांचं द्राक्ष'. शास्त्रज्ञांनीही दोन्हींना आधी द्राक्षाच्याच प्रजातीत घातलं होतं. खऱ्या द्राक्षाच्या पाच पाकळ्या शेंड्याला चिकटलेल्या असतात आणि टोपी उडावी तशा एकदमच गळून पडतात. गोलिंद्याच्या पाकळ्या सुट्या, आंबटवेलीच्या सुट्या आणि त्यातही चारच. असल्या फरकांवरून हळूहळू प्रजाती वेगळ्या होत गेल्या. आंबटवेल कायरेशियातून निघून कॉसोनिसमध्ये गेली ती तर 2013 सालानंतर.

गोलिंद्याच्या दांड्यावरच्या तणाव्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण मला तो या कुळातला सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो. द्राक्षकुळात तणावा आणि फुलोरा या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. पेराशी एक अंकुर तयार होतो, आणि त्याचं पुढे काय व्हायचं, आधार शोधणारा तणावा की फळ धरणारा घोस, हे नंतर ठरतं. गोलिंद्यात तो दोन्ही होतो: एक फांदी काटकी पकडते, उरलेली फुलते. बाजारातल्या द्राक्षाच्या घडाचा जाड दांडा नीट पाहा, त्यावरही कधी कधी तणाव्याचा सुकलेला तुकडा राहिलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या बॉस आणि थॉमस या संशोधकांनी 2002 मध्ये द्राक्षाची एक बुटकी वेल अभ्यासली. जिबरेलिन या संप्रेरकाला ती एका जनुकातल्या बदलामुळे दाद देत नव्हती. साध्या वेलीवर जिथे तणावे यायचे तिथे या वेलीवर घोस येत होते. म्हणजे वेलीने चढायचं की फळायचं, हा निवाडा त्या एकाच अंकुरात होतो.

माटोळीतल्या घोसाला पान उरलं नसतानाही ओळख पटली ती यामुळेच.

काचेखाली

वेल कळली, तरी डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच होतं. तोंड का पेटलं?

विसर्जनानंतर मी आंबटवेलीची आणि गोलिंद्याची फळं शाळेत नेली. मुलीने चावून थुंकलेलं फळही आजीने केरात न टाकता कागदाच्या पुडीत ठेवलं होतं. डॉक्टरांनी मागितलं होतं हे तिच्या लक्षात राहिलं होतं. ते एव्हाना वाळलं होतं, पण बी शाबूत होतं.

आधी बी. तिकोनी, हिरवट, अजून पुरतं न पिकलेलं. गोलिंद्याचं बी लांबट असतं, म्हणजे फळ आंबटवेलीचंच हे पक्कं झालं. द्राक्षकुळाच्या बीला दोन खुणा असतात: पोटाच्या बाजूला दोन खाचा आणि पाठीवर एक गोलसर गाठ. बिया असलेली काळी मनुका पाण्यात भिजवून तिचं बी पाहा, लगेच दिसतील. या दोन खुणा इतक्या ठाम आहेत की 2013 मध्ये दख्खनच्या लाव्हा थरांमधल्या गारगोटीत सापडलेल्या सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या बिया त्यांच्यावरूनच द्राक्षकुळातल्या म्हणून ओळखल्या गेल्या. या कुळाची ती तोपर्यंतची सर्वांत जुनी फळं. त्यांना नाव दिलं इंडोविटिस चितळेयी, पुरावनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्यामला चितळे यांच्यावरून. डायनासोर असताना मध्य भारतात द्राक्षाची भावंडं वाढत होती. बारावीच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरली होती.

मग गर. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात सुईच्या टोकावर येईल एवढा हिरव्या फळाचा गर, वर आच्छादक काच, बोटाने हलका दाब. दहा गुणिले चाळीसमध्ये पाहिलं. पेशींच्या गर्दीत काही पेशी लांबट होत्या आणि त्यांच्या पोटात सुयांच्या जुड्या. आगपेटीत काड्या भराव्या तशा, एकीला एक लागून, दोन्ही टोकं अणकुचीदार. काच थोडी अजून दाबली तशी एक जुडी फुटली आणि सुया पाण्यात सुटल्या. मागे उभी असलेली मुलगी, आमची रुग्णच ती, स्टुलावर चढून पाहत होती. तिने आपोआप जीभ दातांआड घेतली.

या सुयांना रॅफाइड म्हणतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. खात्री करायला एका पट्टीवर व्हिनेगर सोडलं: सुया तशाच. चुनखडीचे स्फटिक असते तर बुडबुडे काढत विरघळले असते. दुसऱ्या पट्टीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं: सुया बुडबुडे न काढता विरघळल्या. ऑक्झलेटची ही जुनी, साधी परीक्षा आहे आणि कुठल्याही शाळेच्या प्रयोगशाळेत होते.

अळूने घसा खाजतो तो याच सुयांमुळे. आमच्याकडे पावसात तेऱ्याची, म्हणजे रानअळवाची, भाजी करताना बायका किती जपून शिजवतात, आंबट घातल्याशिवाय पुढे जात नाहीत, हे ज्याने पाहिलंय त्याला आंबटवेल समजावून सांगावी लागत नाही. मुलीच्या आईला मी म्हटलं, "कच्चं अळूचं पान चावलं असं समज." तिचा चेहरा लगेच निवळला. 'विष' या शब्दाने दोन दिवस घरात जी भीती भरली होती, ती अळूच्या नावाने निम्मी झाली.

निम्मीच, कारण इथे मला एक गोष्ट लपवायची नाही. गोलिंद्याच्या हिरव्या फळाच्या पट्टीतही सुया होत्या. द्राक्षकुळात त्या सर्रास असतात. गोलिंद्याची पिकून काळी झालेली फळं लोक खातात, आजीनेही लहानपणी खाल्ली होती. पण ती "काळी, मऊ झाली की" असं ती दोनदा म्हणाली, आणि ती अट महत्त्वाची. हिरवं गोलिंदं चावलं असतं तर मुलगी रडली नसती, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आंबटवेलीची फळं मात्र पिकली तरी तोंडात घालू नयेत, हे मी वाड्यावर सगळ्यांना सांगितलं. कुणाला कधी असं झालंच, तर चूळ भरून, उरलेलं फळ आणि पानासकट एक कांडी पुडीत बांधून थेट डॉक्टरांकडे जायचं. श्वास लागला किंवा आवाज बसला तर पुडीसाठीही थांबायचं नाही.

शेपटीवर शिंग असलेली अळी

आठवड्याने बांधावर आजीबरोबर गेले तेव्हा आंबटवेलीची खालची पानं कुणीतरी देठापर्यंत फस्त केली होती. पान उलटलं. करंगळीएवढी जाड अळी, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके, शेपटीवर एक बारीक शिंग. हॉकमॉथ पतंगाची.

आजी म्हणाली, "ही तर अळवावरची. आणि तेरड्यावर पण असते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. अळू, तेरडा आणि द्राक्षकुळ, एकमेकांशी दूरचंही नातं नसलेल्या या तिघांत एक गोष्ट सारखी आहे: तिघांच्याही अंगात रॅफाइडच्या सुया असतात. आणि थेरेट्रा ओल्डनलँडी हा हॉकमॉथ तिघांवरही अंडी घालतो. ज्या सुया आपल्या तोंडाला पेटवतात त्या या अळीला बाधत नाहीत, तिचं अन्नच असल्या झाडांत आहे. प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शक लावून जे दोन झाडांतलं साम्य दाखवलं, ते या बाईने पोरसात पन्नास वर्षं अळ्या वेचताना पाहून ठेवलं होतं. फक्त त्याला नाव नव्हतं. मी तिला सुयांचं सांगितलं, तिने मला अळवावरची अळी आंबटवेलीवर ठेवली तर खाते की नाही ते करून पाहायला सांगितलं. मी करून पाहिलं. खाल्लं.

माटोळीविषयी इथेच एक सांगते. वर्षातून एकदा गोव्यातल्या घराघरांत रानातली इतकी फळं-फुलं एका चौकटीला टांगली जातात की ती माझ्या दृष्टीने त्या गावाची वनस्पतींची नोंदवही आहे. पण नोंदवहीत नावं पुसट झाली की अशा चुका होतात. आजीला 'गोलिंदा' आणि 'आंबटवेल' असे दोन शब्द येत होते. मुलाला दोन्हींसाठी एकच. नातीला तोही नाही, तिच्यासाठी ती नुसती 'ग्रेप्स' होती. द्राक्षं गोव्यात येतात ती नाशिक-सांगलीकडून, उन्हाळ्याच्या तोंडाला, खोक्यातून. सप्टेंबरात समोर घोस दिसला तर सात वर्षांच्या मुलीने तो तोंडात घातला, यात तिचा काय दोष?

पुढचा पावसाळा

काकाला मी सांगून ठेवलं होतं की गोलिंदा मेली नाही. तिला जमिनीत कंदासारखी जाड मुळं असतात. वरचं अंग उन्हाळ्यात तसंही सुकतं, पाऊस पडला की पुन्हा फुटवा येतो. कोयत्याने गेलं ते एका वर्षाचं अंग. त्याला ते खरं वाटलं नाही. जानेवारीत तो मला गडग्यापाशी घेऊन गेला आणि वाळलेला बुंधा बुटाने हलवून दाखवला.

2019 साली पाऊस उशिरा आला, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. आंबटवेल आधीच गडग्यावर पसरली होती. जुलैच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मुलगी पळत आली, "टीचर, आली!" जुन्या बुंध्याच्या हातभर अलीकडे, दोन दगडांच्या फटीतून, तांबूस लवेचा एक कोंब वर आला होता. तिसऱ्या पानासमोर त्याला पहिला तणावा फुटला होता आणि तो टोक वाकवून हवेत आधार चाचपत होता. तिने त्याच्याजवळ एक काटकी रोवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तणाव्याने तिला दीड वेढा घातलेला होता.

त्या वर्षी चतुर्थी 2 सप्टेंबरला आली, मागच्या वर्षाहून अकरा दिवस आधी. गोलिंद्याला फळ धरायचं होतं, नुसत्या कळ्या होत्या. आंबटवेलीचे घोस हिरवे का होईना, भरलेले होते. काका माटोळी बांधत होता. त्याने आंबटवेलीचा एक घोस उचलला, दांडा उलटसुलट करून पाहिला, सांध्यावर अंगठा फिरवला आणि तो चौकटीच्या सगळ्यात वरच्या, मुलांचा हात न पोचणाऱ्या कोपऱ्याला बांधला. मग त्याने विचारलं, "आईची कुठे आहे?"

मुलीने गोलिंद्याचा कळ्यांचा तुरा पुढे केला. तिने तो तणाव्यासकट तोडला होता आणि तणाव्यात अजून तिची काटकी होती.